तंबू कुठं टाकता ते आधी सांगा : कोल्हापुरातल्या हिमालय ट्रेक आणि यात्रा आयोजकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातून हिमालयात ट्रेक, मोहिमा आणि चारधाम यात्रा नेणाऱ्या सर्व संस्था, क्लब आणि टूर आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामाची तुमची पत्रकं व्हॉट्सॲपवर फिरायला लागली आहेत. त्यातलं एक माझ्यासमोर आहे. तेच मुक्काम, त्याच तारखा, फोटोही तेच. मागच्या जूनमध्ये माझ्या मुलीच्या तुकडीला ज्या मुक्कामावरून रात्री तंबू सोडून वर पळावं लागलं, तो मुक्कामही त्यात जसाच्या तसा आहे आणि त्याच्यापुढं ‘नदीकाठचा रम्य कॅम्प’ असं लिहिलं आहे. म्हणून हे पत्र. संबंधित आयोजकांना आधी खासगीत लिहून पाहिलं. त्यांचं नाव इथं घेणार नाही, कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा राहिलेला नाही. गावातली आणखी पत्रकं मागवून वाचली, तर सगळ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकानं तीच.

मी कोल्हापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. पन्हाळा-पावनखिंड भर पावसात चाललेली आहे, तुमच्यातल्याच काहींबरोबर हिमालयातही जाऊन आले आहे. मुलीला डोंगराचं वेड लागलं ते घरातूनच. त्यात आपली कस्तुरी सावेकर 2022 साली एव्हरेस्टवर पोचली आणि वर्गातल्या कितीतरी मुली जोतिबाच्या पायऱ्या पाठीवर सॅक घेऊन चढायला लागल्या. या मुली उद्या तुमच्याकडंच नाव नोंदवणार आहेत. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत नाही. हिमालय बंद करा, असं तर मुळीच म्हणायचं नाही. गढवालमधल्या खेचरवाल्यांची, पोर्टरांची वर्षाची चूल त्या चार महिन्यांवर पेटते.

त्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगते. हिमनदीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या सपाट गोट्यांवर तंबू लावले होते. बरोबरच्या गढवाली पोर्टरांनी दुपारीच सांगितलं होतं की इथं नको, वर गवतावर जाऊ. आपला लीडर हसला. “काय हुईत न्हाई, धा वर्षं हितंच तंबू टाकतोय.” संध्याकाळी पाणी गढूळ झालं, वाढलं, आणि अंधार पडल्यावर दगडमातीचा लोंढा आला. दोन तंबू गेले. माणसं वाचली, कारण पोर्टरांनी कुणाचं न ऐकता सगळ्यांना वर हाकललं होतं. परत आल्यावर मी विचारणा केली. उत्तर आलं की नैसर्गिक गोष्टींवर आमचा ताबा नाही आणि संमतीपत्रावर तुमच्या मुलीची सही आहे.

माझं भांडण त्या दहा वर्षांशी आहे. दहा वर्षांपूर्वीचा डोंगर आता तिथं उभा आहे का, हे तुमच्यापैकी कुणी तपासलं?

सह्याद्रीची सवय तुमच्या हाडात आहे, माझ्याही आहे. मसाई पठारावरचा जांभा, त्याखालचा बेसाल्ट, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. इथंही दरडी येतात. 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला तो आपण डोळ्यांनी पाहिला. पण ते दुखणं मुख्यतः पावसाचं. पाऊस सरला की डोंगर बहुतेक ठिकाणी होता तसाच असतो, आणि म्हणून इथं दहा वर्षांच्या अनुभवाला किंमत आहे. उंच हिमालयात तो हिशेब चालत नाही. तिथल्या वरच्या टप्प्यातले अनेक उतार, विशेषतः सावलीकडचे, बर्फानं सांधलेले आहेत. जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाखाली राहते तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. खडकाच्या भेगांत, दगडगोट्यांच्या उतारात, हिमोढाच्या, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या राशीच्या, पोटात हा बर्फ असतो आणि जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीत चुना जे काम करतो ते तिथं तो करतो. वरून तो दिसत नाही, त्यामुळं फोटोत येत नाही, त्यामुळं पत्रकातही येत नाही. हा बर्फ पूर्ण वितळावा लागतो असंही नाही. उणे तीन-चार अंशांवरून शून्याच्या जवळ येतानाच त्याची पकड ढिली होते. भेगेत पाणी उतरतं, ऊब आणखी आत नेतं, आतून रेटा देतं. मग एखाद्या दिवशी कडा सुटतो, आणि तो दिवस उन्हाळ्यातलाच असेल असं नाही.

दुसरी गोष्ट हिमनदीची. ती आटते म्हणजे नुसतं बर्फ कमी होत नाही. दरीच्या दोन्ही भिंतींना तिनं हजारो वर्षं दिलेला टेकू निघतो आणि भिंती ढासळायला लागतात. तिनं बाजूला रचलेले हिमोढ उघडे पडतात. उभ्या चढाच्या, सुट्या दगडमातीच्या या राशींवर ऊन पडलं की दगड घरंगळतात, पाऊस पडला की चिखल वाहतो. हिमनदी मागं सरकली की पुढं खळगा उरतो, त्यात पाणी साठतं आणि त्या पाण्याला अडवून धरणारा बांध असतो तो याच सुट्या दगडमातीचा. त्याला ना सांडवा, ना दरवाजा. वर्गात मी हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, लोंबती दरी यांच्या आकृत्या काढून घेते. पुस्तकात ती भूरूपं तयार होऊन बसलेली दिसतात. प्रत्यक्षात ते काम चालू आहे, आणि अलीकडं फार घाईनं चालू आहे. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 या काळात आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगानं आटल्या. इस्रोनं 2024 मध्ये उपग्रहचित्रांवरून सांगितलं की हिमालयातल्या 10 हेक्टरहून मोठ्या 2,431 सरोवरांपैकी 676 सरोवरं 1984 पासून ठळकपणे वाढली आहेत आणि त्यातली 130 भारतात आहेत.

आकडे कोरडे वाटत असतील तर आपल्या बुलेटवाल्या पोरांचा रस्ता घ्या. मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडलं की सिस्सू लागतं. तिथं चहा-मॅगी होते, धबधब्याबरोबर फोटो होतो. त्या सिस्सूच्या वर 4,068 मीटरवर घेपन घाट नावाचं हिमसरोवर आहे. 1989 साली ते साडेछत्तीस हेक्टरचं होतं, 2022 मध्ये 101 हेक्टरच्या वर गेलं. मी वाचलेल्या एकाही बाईक टूरच्या पत्रकात त्याचा उल्लेख नाही.

हे सगळं पुस्तकी आहे असं कुणी म्हणू नये. 17 जून 2013 च्या सकाळी केदारनाथच्या वरचं चोराबारी सरोवर, ज्याला गांधी सरोवर म्हणत, फुटलं. हिमनदीच्या कडेच्या हिमोढामागं साठलेलं ते पाणी होतं. दोन-तीन दिवसांच्या पावसानं आणि वितळत्या बर्फानं तुडुंब भरलं, बांध गेला आणि काही मिनिटांत रिकामं झालं. केदारनाथची वस्तीसुद्धा हिमनदीनं आणि तिच्या पाण्यानं आणून टाकलेल्या दगडमातीवरच वसलेली आहे. त्या आपत्तीत हजारो माणसं गेली. वाटेतलं रामबाडा नकाशावरून पुसलं गेलं, चालायचा मार्गच नदीच्या दुसऱ्या अंगाला न्यावा लागला. 7 फेब्रुवारी 2021 ला चमोलीत तर पाऊसही नव्हता. हिवाळ्यातली निरभ्र सकाळ. रोंटी शिखराच्या अंगावरून सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटर खडक आणि बर्फ एकदम सुटला. त्यात जवळजवळ 80 टक्के खडक होता. खाली येईपर्यंत घर्षणानं बर्फाचं पाणी झालं, त्या पाण्यात चिखल-दगड मिसळले, आणि ऋषिगंगा-धौलीगंगेच्या काठावरचे वीजप्रकल्प गाडले गेले. दोनशेवर माणसं मेली किंवा सापडलीच नाहीत. ‘आम्ही पावसाळ्यात बॅच काढतच नाही’ हे उत्तर तुम्ही मला दिलंत, ते चमोलीपाशी संपतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवराच्या कडेचा गोठलेला हिमोढ, सुमारे दीड कोटी घनमीटर, पाण्यात कोसळला. त्यानं उठलेल्या लाटेनं सरोवराचा बांध फोडला आणि कितीतरी किलोमीटर खाली चुंगथांगचं तीस्ता-3 धरण वाहून नेलं. 16 ऑगस्ट 2024 ला नेपाळात, नामचे बाजारच्या पश्चिमेला असलेलं थामे गाव वरच्या एका लहानशा हिमसरोवराच्या पुरात अर्धं मोडलं. तुमच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या तुकड्या तिथून फार लांब नसतात. खुद्द बेस कॅम्पच खुंबू हिमनदीवर आहे आणि पायाखालचा बर्फ अस्थिर होत चालल्यानं तो खाली हलवायचा विचार नेपाळ सरकारनं 2022 मध्ये बोलून दाखवला होता.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार मुक्कामाच्या जागेची. पहाडात तंबूला सपाट जागा लागते हे मान्य. पण तिथं सपाट जागा कुणी केली, हा प्रश्न लीडरला पडायला हवा. बहुतेक वेळा ती वरून आलेल्या दगडमातीनं केलेली असते. ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथलं पंखाकृती मैदान, नदीचं पात्र, हिमोढाचा पायथा. ज्यानं ती जागा भरली तोच पुन्हा येणार. 5 ऑगस्ट 2025 ला खीर गाड या ओढ्याच्या लोंढ्यानं धराली गाडलं, ते गाव अशाच पंख्यावर होतं. गंगोत्रीच्या त्या रस्त्यावर तेव्हा महाराष्ट्रातले यात्रेकरूही अडकले होते. ते दोन-तीन दिवस घरच्यांनी कसे काढले हे तुम्हाला सांगायला नको. इतकं होऊनही तुमच्या कार्यक्रमात मुक्कामाच्या जागी फक्त उंची लिहिलेली असते. ओढ्यापासून किती लांब, वर काय आहे, पळायची वाट कुठली, यातलं काही नाही.

स्थानिक माणसाचं ऐकलं जात नाही, ही दुसरी. पोर्टर हा तुमच्या लेखी ओझं वाहणारा. त्याच्या डोळ्यासमोर तो उतार बदललेला असतो. कुठली वाट यंदा तुटली, कुठला नाला दुपारी ओलांडता येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. पण परत फिरायचं की नाही हे ठरवतो कोल्हापुरातून गेलेला, वर्षातून एकदा तिथं पाय ठेवणारा लीडर. त्यालाही मी फार दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर निजामुद्दीनहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट असतं. कार्यक्रमात एकही मोकळा दिवस नसतो. एक दिवस थांबलं तर जेवणाचा, खेचरांचा खर्च कुणी द्यायचा हे ठरलेलं नसतं. मग दुपारी दोनला, बर्फ वितळून ओढे फुगलेले असताना आणि उन्हानं दगड सुटत असताना, घळ ओलांडली जाते. सकाळी सहाला निघालं असतं तर तीच घळ बऱ्यापैकी शांत मिळाली असती. यासाठी विज्ञान लागत नाही, एक जादा दिवस लागतो.

यात्रांबद्दल तर बोलायलाच नको. साठी-सत्तरीच्या आया-आजोबांना हेलिकॉप्टरचं तिकीट, उपवासाचं जेवण, गरम पाणी यांची माहिती दिली जाते. रस्ता बंद झाला तर कुठं थांबणार, कोण संपर्कात राहणार, यावर एक ओळ नाही.

जुने फोटो वापरणं ही किरकोळ तक्रार वाटेल. माझ्या मते ती किरकोळ नाही. 1935 नंतर गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड, एक किलोमीटरहून कितीतरी अधिक मागं सरलं आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो लावून तुम्ही जी वाट विकता ती वाट आणि आजची वाट एक नाही.

आणि ते संमतीपत्र. ‘सर्व धोके मला मान्य आहेत’ असं त्यात लिहिलेलं आहे. कुठले धोके, ते तुम्ही सांगितलेच नाहीत, तर माझ्या मुलीनं मान्य काय केलं?

तुम्ही म्हणाल, डोंगर कधी कोसळेल हे कुणाला सांगता येतं? तारीख-वार सांगता येत नाही, बरोबर. पण पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची तयारी सुरू होते. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट कुणी बघत बसत नाही. राधानगरीचे किती दरवाजे उघडले हे कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला तोंडपाठ असतं. तुम्ही याच गावचे. घरासमोरच्या नदीबद्दल जी जागरूकता दाखवता ती माणसं दोन हजार किलोमीटर लांब नेल्यावर कुठं जाते?

आल्प्समध्ये त्यांनी काय केलं तेही बघा. मों ब्लाँच्या परिसरातले 1970 च्या दशकात नोंदवलेले 95 नामांकित चढाईमार्ग तज्ज्ञांनी पुन्हा तपासले. 93 मार्गांवर बदलत्या हवामानाचा परिणाम झालेला आढळला आणि 3 मार्ग उरलेच नव्हते. तिथले गाईड आता काही मार्ग उन्हाळ्यात घेतच नाहीत, हंगाम पुढं-मागं करतात. 28 मे 2025 ला स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन गाव गाडलं गेलं. वरच्या कड्याचे दगड हिमनदीवर साठत गेले आणि ती ते ओझं घेऊन खाली आली. पण गावातली सुमारे तीनशे माणसं आणि जनावरं आठ-दहा दिवस आधीच हलवली होती, कारण कडा सरकतोय हे कुणीतरी मोजत होतं. एकाच माणसाचा जीव गेला. ‘त्यांच्याकडं पैसा आहे मॅडम,’ असं मला एका आयोजकानं ऐकवलं. त्या जूनच्या दुपारी पोर्टरांनी दिलेली सूचना फुकट होती.

माझ्या मागण्या साध्या आहेत. दर हंगामापूर्वी, नोंदणी उघडण्याच्या आधी, प्रत्येक मार्गाची त्या वर्षीची स्थिती स्थानिक गाईडकडून लेखी मागवा आणि पत्रकाला जोडा. जुनं वेळापत्रक पुन्हा छापू नका. प्रत्येक मुक्कामाचे अक्षांश-रेखांश सहभागींना आणि त्यांच्या घरच्यांना द्या. त्या जागेच्या वर हिमसरोवर आहे का, ती जागा पंख्यावर किंवा पात्रात आहे का, हे उपग्रहचित्रावर पाहून लिहा. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं हिमसरोवरांचे ॲटलास प्रसिद्ध केलेले आहेत. ते उघडायला भूगोलाची पदवी लागत नाही, आणि लागलीच तर मी आहे. पात्रातले आणि हिमोढाच्या पायथ्याचे मुक्काम या हंगामापासून बंद करा, मग जागा कितीही रम्य असो.

प्रत्येक ट्रेकमध्ये किमान एक राखीव दिवस ठेवा आणि त्याचा खर्च आधीच शुल्कात धरा. आम्ही देऊ. मुलीच्या बुटांना सहा-सात हजार घालणारे पालक एका दिवसाच्या जेवणाला नाही म्हणणार नाहीत. परत फिरण्याचा निर्णय स्थानिक मुख्य गाईडचा राहील आणि तो कुणी मोडणार नाही, असं करारात लिहा. त्या निर्णयामुळं त्याची मजुरी कापली जाणार नाही, हेही लिहा. पोर्टरांचा विमा काढा. यात्रेतल्या ज्येष्ठांसाठी रस्ता बंद झाल्यास थांबायची ठिकाणं आणि कोल्हापुरात चोवीस तास उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. संमतीपत्रात त्या मार्गाचे नेमके धोके मराठीत नोंदवा, आणि तसं करेपर्यंत ते दाखवून कुणाला गप्प बसवू नका.

दिवाळीनंतर तुमच्या नोंदण्या सुरू होतात. त्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं. आमच्या महाविद्यालयात रविवारी वर्ग मोकळा असतो, प्रोजेक्टर आहे. तुमच्या मार्गांची उपग्रहचित्रं मी काढून ठेवते, मुक्कामाच्या जागा तुम्ही त्यावर दाखवा. त्या रात्रीच्या पोर्टरांपैकी एक फोनवर बोलायला तयार आहे, त्यालाही जोडून घेऊ. तोवर, ज्या पत्रकात मुक्कामांचे अक्षांश-रेखांश आणि राखीव दिवस नाही त्या ट्रेकला मुलांना पाठवू नका, असं मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना सांगायला सुरुवात केली आहे.

आपली,
एक भूगोल शिक्षिका आणि पालक,
कोल्हापूर